बांगडीएवढा फुगा

मार पडायच्या आधी आमच्या घरात गोड वास यायचा. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण ते अक्षरशः खरं आहे. बाबा शारजात बबल गमच्या फॅक्टरीत मिक्सिंग मास्टर होते आणि त्यांच्या हातांना, शर्टाच्या बाह्यांना, मानेला कितीही साबण लावला तरी त्या गुलाबी गमचा वास चिकटलेला असे. थोडं केळं, थोडी स्ट्रॉबेरी आणि मागून दालचिनी, असा काहीतरी तो वास. हात उठला की आधी वास पोचायचा आणि त्याच्या मागोमाग हात. आजही एखादं पोर गम चघळत शेजारून गेलं की माझी मान आपोआप खाली जाते. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही, मान आखडली. पन्नाशीच्या बाईची मान आखडते यावर कुणाचाही विश्वास बसतो.

आम्ही शारजाच्या रोल्ला भागात राहायचो. खाली साड्यांचं आणि घड्याळांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. खिडकीतला एसी ट्रक चढावर चढत असल्यासारखा घरघरायचा आणि त्याचं पाणी खालच्या बोळात एका पत्र्यावर टपटपत राहायचं. त्या टपटपीवर मी पाढे पाठ केलेत. आई कोकणातली, राजापूरकडची. नारळ मिळेल तिथून आणायची, सुरमईला इथे किंगफिश म्हणतात म्हणून नाक मुरडायची आणि लबन नावाच्या तिथल्या ताकाच्या बाटलीची अशी फक्कड कढी करायची की शेजारची मल्याळी बाई वाटी घेऊन यायची. माझ्यापाठचा नितीन. तो शाळेत इंग्रजी, गॅलरीत हिंदी आणि आईशी मराठी बोलायचा. बाबांशी फारसं बोलायचाच नाही. त्या काळी ऑफिसं आणि कारखाने दुपारी बंद व्हायचे. बाबा जेवायला घरी यायचे, थोडे लवंडायचे आणि ऊन उतरल्यावर परत जायचे. आमच्या घरातलं जे काही बरंवाईट झालं ते त्या दुपारच्या सुट्टीत झालं.

कंपनी मोतीशेठची. मोतीशेठ कच्छी, पांढरेशुभ्र कपडे घालणारा, आवाज न चढवणारा म्हातारा. त्याने कुठल्या तरी बुडालेल्या कारखान्याची यंत्रं स्वस्तात उचलली, इंडस्ट्रियल एरियात एक शेड घेतली आणि गमला नाव दिलं ‘बुलबुल’. अरब, पठाण, गुजराती, मराठी, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही असं नाव. बाबा मुंबईत चॉकलेटच्या कारखान्यात होते, त्यांना शेठने बोलावून घेतलं. मी एकदाच ती शेड आतून पाहिली. रबरासारख्या गमच्या लाद्या वितळवायच्या, मग एका लोखंडी टाकीत दोन जाडजूड पाती ते पीठ मळत राहायची आणि बाबा वरून पिठीसाखर, ग्लुकोज, शेवटी वासाचं तेल सोडायचे. बाकीचे सगळे त्यांच्याकडे बघत उभे असायचे. तिथे सगळे त्यांना मास्टर म्हणत आणि ते तिथे हसत. मला त्याचंच नवल वाटलं होतं. घरात बाबांचे हसतानाचे दात मी कधी पाहिले नव्हते.

आणि दात तरी कुठले! बाबांना वर पूर्ण कवळी होती. साखर चाखून चाखून दात गेले असं ते सांगत. आई म्हणे, तंबाखूने. कारण काही असो, बबल गमच्या मास्टरला गम चावता येत नव्हता. कवळी गमला चिकटून बाहेर यायची. ही गोष्ट फॅक्टरीत कुणाला ठाऊक नव्हती. प्रत्येक नव्या घाण्याचा नमुना ते खिशात घालून घरी आणायचे आणि त्यांचे दात म्हणजे आम्ही.

जेवणं झाली की आई उष्टी काढायची आणि मी, नितीन, आणि हात पुसत येऊन बसलेली आई असे तिघं भिंतीला टेकून ओळीने बसायचो. बाबा प्रत्येकाला एक तुकडा द्यायचे. साखर जाईपर्यंत चघळायचं, मग त्यांनी ‘हं’ म्हटलं की फुगवायचा. मोजायला त्यांनी आईची एक हिरवी काचेची बांगडी घेतली होती. ती ते आमच्या तोंडासमोर धरायचे. फुगा बांगडी भरून बाहेर आला पाहिजे आणि त्यांनी सांगेपर्यंत फुटता कामा नये. फुटला तर पहिल्यांदा गमला शिवी, दुसऱ्यांदा आपल्याला, तिसऱ्यांदा थप्पड. ‘नीट चावला नाहीस! जिभेने पसरव म्हटलं ना!’ माझा फुगा कधीच बांगडीबाहेर गेला नाही. मी पुष्कळ खाल्ल्या. आईचा फुगा फुटला की ते तिच्या दंडाला चिमटा काढायचे, पिळून, आणि ती एसीकडे बघत राहायची. आमच्या ओळखीतल्या बायका दुपारी झोपा काढायच्या, भिशी लावायच्या. माझी आई पदराने तोंड पुसून पुन्हा गम चघळायला घ्यायची. नितीनला मात्र ती विद्या जन्मजात होती. त्याचा फुगा संथ वाढायचा, बांगडी ओलांडायचा, नाकाला टेकायचा. तेव्हा बाबा श्वास रोखून पुढे वाकायचे. आपल्या मुलाकडे इतक्या प्रेमाने बघताना मी त्यांना फक्त तेव्हाच पाहिलं, आणि ते बघत होते फुग्याकडे.

मग कार्डं आली. शारजात क्रिकेटचं वेड किती होतं ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. मॅचच्या शुक्रवारी आमच्या बोळातून गाड्या झेंडे लावून, हॉर्न वाजवत स्टेडियमकडे जायच्या. मोतीशेठने डोकं चालवलं आणि गमच्या पाकिटात खेळाडूंची रंगीत कार्डं घालायला सुरुवात केली. आधी पुठ्ठ्यामुळे गम वाकत नाही एवढंच त्याचं काम. पण वर्षभरात पोरांनी कंपनीचा धंदा उलटा केला. एक दिरहमचं पाकीट फोडायचं, कार्ड काढायचं, गम फेकायचा. आणि त्या कार्डांवरून काय मारामाऱ्या! आमच्या स्कूल बसमध्ये एका पोराने दुसऱ्याच्या मांडीत कंपासचं टोक खुपसलं, का, तर डावखुऱ्या ओपनरचं कार्ड द्यायला तो तयार नव्हता. वरच्या मजल्यावरचा पाकिस्तानी सोहेल आणि नितीन जिन्यात एकमेकांचे केस धरून लोळायचे. सोहेलकडे आपला विकेटकीपर होता, नितीनकडे त्यांचा फास्ट बोलर, आणि दोघांनाही आपापला हवा होता. अदलाबदल करायची सोडून दोघं रक्त काढत बसायचे. हरलेल्या मॅचच्या संध्याकाळी गॅलऱ्यांतून बाटल्या पडायच्या.

बाबांना त्या मारामारीचं काही वाटत नव्हतं. त्यांना फेकलेला गम दिसायचा. एकदा ते आम्हाला बसच्या थांब्यावरून आणायला आले. रोल्लाच्या बागेपाशी फुटपाथभर गुलाबी पट्ट्या पडल्या होत्या, काही चपलांखाली चिरडलेल्या, काहींना मुंग्या लागलेल्या. आमच्या देखत एका गुबगुबीत पोराने नवं पाकीट फोडलं आणि गम न बघताच मागे टाकला. बाबा तो उचलायला वाकले. फुंकर मारून त्याची वाळू उडवली, बोटांनी ताणून पाहिला. गम उत्तम होता. मला आजही त्या वाकलेल्या माणसाची कीव येते, पण पुढचं आठवलं की ती कीव तिथेच जळून जाते. कारण परक्याच्या पोराला हात लावायची त्या देशात सोय नव्हती. त्यांनी नितीनचं दप्तर उपडं केलं, त्यातून चार-सहा कार्डं पडली, आणि घरी नेऊन त्यांनी त्याला पट्ट्याने असा फोडला की आई मध्ये पडली तेव्हा तिच्याही पाठीवर वळ उठले. ‘बापाचा गम टाकतोस? बापाचा?’ नितीन ओरडत होता, ‘आय एट इट! बाबा, आय एट इट!’ त्याने खरोखरच खाल्लेला असायचा. तो बापाचा गम कधीच टाकत नसे.

त्यानंतर कंपनीला तक्रारी यायला लागल्या. गमची साखर आणि तेल कार्डाला लागून खेळाडूंच्या तोंडावर डाग पडत. दुबईत अल मनखूलकडच्या ऑफिसवाल्या घरांतली पोरं प्लास्टिकच्या पानांत कार्डं लावून ठेवायची, त्यांचे बाप दुकानदारांना फोन करायचे. शेठने आधी गम पातळ केला, मग अर्धा केला. शेवटी एका दुपारी बाबा घरी आले आणि न जेवता बसून राहिले.

‘शेठ गम बंद करतोय,’ ते म्हणाले. ‘नुसती कार्डं विकणार. टाकी भंगारात.’

आईने विचारलं, ‘आणि तुम्ही?’

‘मास्टर कशाला लागतो कार्डांना? व्हिसा कॅन्सल, आणि काय.’

बाबांचा व्हिसा म्हणजे आम्हा सगळ्यांचा व्हिसा. घर, शाळा, एसी, सगळं त्या एका शिक्क्यावर टांगलेलं. डोंबिवलीची खोली काकांनी बळकावलेली होती. परत जायला जागा नव्हती.

पण बाबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गमचा एक नवा घाणा काढला. तेल घट्ट बसलेलं, कार्डाला डाग न पाडणारा, आणि ताण असा की आईसुद्धा बांगडीबाहेर गेली. नितीनचा फुगा तर त्याच्या डोळ्यांवर आला. बाबा वेडे झाले. शेठला हा फुगा बघायलाच हवा, एकदा बघितला की तो टाकी भंगारात काढणार नाही, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. येत्या शुक्रवारी शेठला जेवायला बोलावलं. नितीनने शेठसमोर फुगवायचा. आमचा सगळ्यांचा मुक्काम त्या पोराच्या तोंडावर, आणि हे त्याला रोज सांगितलं जात होतं.

तो आठवडा मी विसरले नाही. शाळेतून आला की तालीम, जेवला की तालीम. त्याचे गाल आतून सोलवटले, जबडा कटकट वाजायला लागला. आई त्याला रात्री मीठ-पाण्याच्या गुळण्या द्यायची. गुरुवारी दुपारी त्याचा फुगा फुटला. पुन्हा फुटला. बाबा समोर बांगडी धरून उकिडवे बसले होते. नितीन म्हणाला, ‘आय कान्ट, बाबा. माय जॉ हर्ट्स.’

‘मराठीत बोल!’

‘दुखतंय,’ नितीन म्हणाला, आणि गम काढून त्याने हातात घेतला.

बाबांचा हात सुटला. त्या हातात बांगडी होती हे त्यांच्या लक्षातच नसावं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं घोळतं ते हेच की ज्या तोंडावर सगळी भिस्त, त्याच तोंडावर या माणसाने आदल्या दिवशी हात टाकला. राग आला की हात तोंडावरच जायचा, ती वाट त्याला पाठ होती. काच फुटल्याचा आवाज झाला. नितीनचा वरचा ओठ चिरला, पुढच्या दाताचा तुकडा फरशीवर पडला आणि रक्त हनुवटीवरून बनियनवर आलं. तो रडलाच नाही. आई त्याचं तोंड ओंजळीत धरून मोरीकडे नेत होती आणि मी काचा वेचत होते. हिरव्या काचा आणि त्यात तो पांढरा तुकडा. बांगडी फुटली असं आई कधी म्हणत नसे, वाढवली म्हणायची. मी तिला विचारलं, काचांचं काय करू? ती म्हणाली, ‘फुटली ती. टाक केरात.’

बाबा मात्र बर्फ आणायला धावले. ओठाला बर्फ लावत ते म्हणाले, ‘उद्यापर्यंत उतरेल सूज. उतरेल ना? शेठला सांगू, पायरीवरून पडला.’

शुक्रवारी आईने पुरणपोळ्या केल्या. कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कढी. घरभर वेलदोड्याचा वास होता आणि त्याच्याखाली नेहमीचा तो गमचा. शेठ नमाज सुटल्यावरची गर्दी ओसरल्यावर आला, आम्हा मुलांसाठी न कापलेल्या कार्डांचा अख्खा कागद गुंडाळून घेऊन. टेबलावर पसरला तेव्हा त्यावर दोन्ही देशांचे खेळाडू एकाला एक चिकटून उभे होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नितीनने आनंदाने उडी मारली असती. शेठने त्याच्याकडे पाहिलं. ‘अरे, बच्चे को क्या हुआ?’

‘सीढ़ी से गिर गया, शेठ,’ बाबा म्हणाले. ‘शैतान है.’

शेठची अर्धी पोळी होते न होते तोच बाबांना राहवेना. ‘शेठ, आप बोलते हो, बच्चे लोग गम फेंक देते हैं. अभी देखो. नितीन, चल.’

आई आमटी वाढत होती. ती पळी हातात धरून थांबली. नितीनने गम तोंडात टाकला. तो एका बाजूने चावत होता आणि प्रत्येक चावण्याला त्याचा डोळा मिटत होता. ओठावरची खपली सुटली. बाबा म्हणाले, ‘हं.’

फुगा आला. मी माझ्या आयुष्यात तसा फुगा पाहिला नाही. संथ, गोल, फिकट गुलाबी, बांगडीएवढा, मग बशीएवढा, आणि त्याच्यात, अगदी त्याच्या कातडीत, लाल रेघ ओढलेली. रेघ फुग्याबरोबर वाढत होती, लांब आणि बारीक होत होती. फुटत मात्र नव्हता. बाबांचा गम खरोखरच इतका चांगला होता. बाबा पुढे वाकून म्हणत होते, ‘देखो शेठ, देखो ताण, देखो,’ आणि शेठ घास हातात धरून त्या रेघेकडे बघत होता.

आईने बोट घालून तो फुगा फोडला. नितीनच्या गालावर चिकटलेला गम आणि रक्त तिने पदराने पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेठशी थेट बोलली. ‘शेठ, सीढ़ी-बीढ़ी कुछ नहीं. इन्होंने मारा. गम के वास्ते मारा, रोज मारते. आपका गम रहेगा, जाएगा, मेरेको मालूम नहीं. व्हिसा जाएगा तो जाने दो. मेरे घर में ये खलास.’

‘तुझी ही हिंमत!’ बाबा उठले. खुर्ची मागे पडली. हात वर गेला, आणि मला वास आला. पण तो हात खाली यायच्या आधी आईने पळी फिरवली. कटाच्या आमटीने भरलेली, कढत पळी, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. पितळेचा आवाज आला. बाबांची कवळी तोंडातून उडाली आणि कार्डांच्या कागदावर जाऊन पडली. आईने पुन्हा पळी उचलली. ‘लावा हात,’ ती म्हणाली. ‘लावा ना. आता लावा त्याला हात.’ खरं सांगते, मला आनंद झाला होता. तो आनंद मी अजून परत केलेला नाही.

बाबा गाल धरून भिंतीशी बसले, आमची ओळ बसायची त्याच जागी. तोंडाचं बोळकं झालेलं, बोलता येत नव्हतं. शेठ उठला. त्याने रुमालात धरून ती कवळी उचलली, पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि पुन्हा बसून पानातली उरलेली पोळी संपवली. अन्न टाकून उठणं त्याच्या घरात पाप होतं. हात धुतल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘मास्टर, गम अच्छा था.’ मग आईला हात जोडले आणि गेला.

गम त्या मोसमातच बंद झाला. लाल रेघ नसती तरी झाला असता, हे आज मला कळतं. शेठने बाबांचा व्हिसा मात्र राखला. आईसाठी की पोळीसाठी, देव जाणे. त्यांना कार्डं कापायच्या हॉलमध्ये बसवलं. ज्या कार्डांवर त्यांचा दात होता तीच ते दिवसभर मोजत राहिले, आणि घरी येताना त्यांच्या हाताला शाईचा वास असायचा. मारायला तो हात पुन्हा उठला नाही. गालावर भाजल्याचा डाग राहिला. पुढे टीव्हीवर चोवीस तास क्रिकेट आलं, पोरांच्या हातात मोबाइल आले आणि कार्डंही गेली. शेठ वारला, शेड विकली, आम्ही भांडून डोंबिवलीची खोली सोडवली.

बाबा गेले त्या महिन्यात नितीन कॅनडाहून आला होता. त्याच्या पुढच्या दाताला कॅप आहे, ओठावर पांढरी रेघ आहे, ती मिशीत झाकते. बाबा अंथरुणाला खिळलेले, कवळी काढून ठेवलेली. आई पेज भरवत होती. घास गिळून त्यांनी नितीनला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी. इतक्या वर्षांनी आता तरी हा माणूस ते बोलणार.

‘तो फुगा,’ ते बोळक्या तोंडाने म्हणाले, ‘शेठ आला होता तेव्हाचा. केवढा झाला होता रे?’

मला इतका राग आला की मी उठून जाणार होते. नितीनला नाही आला. तो हसला. ‘मोठा होता, बाबा,’ तो म्हणाला. ‘एवढा,’ आणि दाखवायला त्याने दोन्ही हात वर केले.

बाबांनी चटकन दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं.